दोन खाड्यांमधलं बेट: दाभोळ ते जयगड, सायकलवर

खाडीकाठ

"बेटावर सायकल चालवायची आहे, कुठं जाऊ?" असं इथे अधूनमधून कुणी ना कुणी विचारतं आणि उत्तरं थेट अंदमान-लक्षद्वीपला जाऊन पोचतात. ती बेटं सुंदर आहेतच. पण मुंबई-पुण्याहून एका रात्रीच्या प्रवासावर आपलं एक बेट आहे, ज्याला कुणी बेट म्हणत नाही. त्याच्यासाठी हा धागा.

नकाशात गुहागर तालुका बघा. उत्तरेला वाशिष्ठीची, म्हणजे दाभोळची खाडी. दक्षिणेला शास्त्रीची, म्हणजे जयगडची खाडी. पश्चिमेला समुद्र. राहिली पूर्व, तिकडून चिपळूणचा रस्ता येतो. भूगोलाच्या व्याख्येत हे बसत नाही, मान्य. पण दाभोळच्या धक्क्यावर सायकल फेरीबोटीत चढवली, पलीकडे धोपाव्याला उतरवली, आणि शेवटी तवसाळहून दुसऱ्या बोटीने जयगड गाठलं, की मधला सगळा मुलूख बेटच होऊन जातो. पाण्यातून आत शिरायचं, पाण्यातूनच बाहेर पडायचं. मी चिपळूणचा रस्ता मुद्दाम टाळतो तो याचसाठी.

जायचं उत्तरेकडून दक्षिणेकडे. हिवाळ्यात दुपारनंतर किनाऱ्यावर वायव्येचा वारा धरतो आणि तो पाठीशी असला की शेवटचे चढ निम्मे हलके होतात. उलट दिशेने आलात तर तोच वारा छातीवर घेऊन सडे (जांभ्या दगडाची उंच पठारं) चढावे लागतील.

चढांचं आधीच सांगतो. धोपावे ते तवसाळ अंतर पन्नास-साठ किलोमीटर, म्हणून कुणी "अर्ध्या दिवसाचं काम" समजू नये. वर जांभ्याचा सपाट सडा आणि त्याला चिरत खाली समुद्राला मिळणारे आखूड ओढे, पऱ्हे, खाड्या, अशी इथली जमीन. रस्ता सड्यावरून गावात उतरतो, साकव ओलांडतो आणि लगेच पुन्हा सड्यावर चढतो. एकेक चढ शे-दीडशे मीटरचाच, पण ते संपत नाहीत. मागच्या कॅसेटला, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरचक्रांच्या संचाला, ३४ दातांचं चक्र तरी असू द्या. आणि ब्रेक पॅड नवे घाला, कारण पालशेत, बुधल, वेळणेश्वर सगळीकडे उतार थेट वस्तीत शिरतो. वळणावर गुरं असतात, शाळेची पोरं असतात.

धोपाव्याहून आधी अंजनवेल. इथे रस्त्यात वीज प्रकल्पाची भिंत आणि धुराडी लागतात. एन्रॉनच्या नावाने महाराष्ट्रभर गाजलेला तो हाच. १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला, पुढे नव्या कंपनीकडे गेला. त्याला वळसा घालून गोपाळगडावर या. जांभ्यात खोदलेला कोरडा खंदक, आत आंब्याची कलमं, आणि तटावरून दाभोळच्या खाडीचं तोंड पूर्ण दिसतं. आपण तासाभरापूर्वी कुठून आलो ते बोट दाखवून सांगता येतं. जवळच दीपगृह आणि टाळकेश्वराचं देऊळ. देवळाच्या ओट्यावर बसून डबा खा, इतकी सावली पुढे लवकर मिळणार नाही.

गुहागरात मुक्काम करा. व्याडेश्वर, दुर्गादेवी ही देवळं लोकांना माहीत आहेत. सायकलवाल्यासाठी खरी चैन म्हणजे गावातला लांबलचक सरळ रस्ता, वरचापाट ते खालचापाट. दोन्ही अंगांना नारळ-सुपारीची आगरं, पाटाचं पाणी, चिऱ्याचे गडगे, आणि चढ नावालाही नाही. संध्याकाळी सामान उतरवून रिकाम्या सायकलवर हा रस्ता जरूर फिरा.

दुसऱ्या दिवशी मोडकाआगरवरून पालशेत, मग अडूर. इथे थोडी वाकडी वाट करून बुधलला उतरा. कोळ्यांची छोटी वस्ती, डोंगराच्या पोटात एकावर एक चढलेली घरं, खाली इवलीशी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि पाण्याला लागून कातळावर देवीचं देऊळ. परत वर येताना सायकल ढकलावी लागते आणि त्यात कमीपणा काही नाही. मग वेळणेश्वर, तिथून हेदवी. हेदवीच्या दशभुज गणपतीला बहुतेक लोक जातात आणि तिथूनच परततात. खाली समुद्राकडे उमामहेश्वराच्या देवळामागे बामणघळ आहे ती बघायची राहून जाते. काळ्या कातळाला पडलेली अरुंद, लांब भेग आहे ती. भरतीची लाट आत घुसली की पुढे वाट नसल्यामुळे सरळ वर उसळते. ओहोटीला गेलात तर नुसती फट दिसेल.

म्हणून भरतीचा हिशोब. आमच्या आजोबांच्या तोंडी पाऊणकीचा पाढा असे तो याचसाठी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, आणि त्या दिवशी उधाणही मोठं. म्हणजे बामणघळ बघायची तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास, साडेदहा ते बाराच्या दरम्यान तिथे पोचायचं. घड्याळात थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरतं. कडेला उभं राहू नका, कातळ शेवाळलेला असतो आणि मोठी लाट सांगून येत नाही.

हेदवीहून नरवण, रोहिले आणि तवसाळ. शेवटचा उतार संपतो तिथे फेरीबोट.

आता हे सगळं आत्ताच का लिहितोय, तर सागरी महामार्ग. रेवस ते रेडी हा रस्ता बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून, म्हणजे १९८० च्या सुमारापासून बोलला जातोय. आता दाभोळ आणि जयगड, दोन्ही खाड्यांवर पूल योजनेत आहेत. पूल झाले की बोटी किती दिवस चालतील कुणी सांगावं. ज्यांना हे बेट बेट म्हणून बघायचं आहे त्यांनी बोटी आहेत तोवर येऊन जावं असं मला मनापासून वाटतं.

सायकलवेडा पुणे

वाचनखूण साठवली. दाभोळपर्यंत सायकल आणायची कशी ते सांगा. पुण्याहून घाट उतरून येण्याएवढी सुट्टी नाही.

दापोलीकर

कोकण रेल्वेने खेडला उतरा. सायकल पार्सलमध्ये बुक करावी लागते. स्टेशनवर वेळेच्या बरंच आधी जा, कारण कागदपत्रं, वजन, लेबल यात वेळ जातो. पेडल काढून, हँडल फिरवून, डिरेलरवर (चेन सरकवून गिअर बदलणारा भाग) जाड पुठ्ठा बांधा. खेडला गाडी फार थांबत नाही, त्यामुळे उतरल्या उतरल्या पार्सलच्या डब्याकडे धाव घ्यायची. सगळ्या गाड्या सगळ्या स्टेशनांवर पार्सल उतरवत नाहीत, हे चढतानाच विचारून घ्या. जमलं नाही तर चिपळूण.

खेडहून दापोली आणि दापोलीहून दाभोळ, हा मिळून पहिला दिवस. दापोलीपर्यंत चढच आहे, पण रस्ता चांगला. शेवटी दाभोळला लांब उतार.

एक विनंती. दाभोळला लोक फक्त बोटीसाठी येतात आणि धक्क्यावर घड्याळ बघत उभे राहतात. हे एके काळी केवढं मोठं बंदर होतं! खाडीकाठची घुमटाची मशीद बघा, दगडी काम डोळ्यांत भरतं. गावाबाहेर चंडिकेचं देऊळ आहे, ते चक्क गुहेत. वाकून, अंधारात समईच्या उजेडावर आत जायचं. सायकलचे बूट बाहेर काढून थंड दगडावर अनवाणी चाललात की पायांचा शीण तिथेच उतरतो.

गुहागरची लेक

खाडीकाठदादा, गावाचं इतकं नेमकं वर्णन वाचून बरं वाटलं. पण बेट म्हणून राहणं काय असतं ते आम्ही आतले लोक सांगतो.

माझं माहेर तवसाळच्या अंगाला. समोर जयगडचे दिवे दिसतात. रात्री कुणाला दुखायला लागलं, बाळंतपणाची वेळ आली, आणि शेवटची बोट गेलेली असली, तर समोर दिसणाऱ्या किनाऱ्याचा काही उपयोग नसतो. मग अंधारात सडे तुडवत चिपळूण, नाहीतर राई-भातगाव पुलाचा वळसा घालून रत्नागिरी. वादळी हवेत बोट बंद असली की दिवसाही तेच. माझ्या काकूला असंच नेलं होतं. पोचली वेळेवर, पण गाडीतले ते तास आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही.

दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून आहे. त्याआधी छोट्या लाँचने माणसं जायची, गाडीला मात्र शंभर किलोमीटरच्या वर फेरा. बोट आली तेव्हा दोन्हीकडच्या मुलींना समोरच्या काठाला स्थळं बघायला लागले, असं आई सांगते. पुलाने आणखी बदलेल. म्हणून पूल लवकर व्हावा असंच मी म्हणणार. तुम्ही यायचं ते या, आनंदाने या.

खाडीकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद माझ्या मूळ लेखापेक्षा महत्त्वाचा आहे. पूल नको असं मला म्हणायचं नाही आणि कुणी तसं वाचू नये. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब वर्षानुवर्षं उभे राहिलेले मी पाहिलेत, तशी गत इथे होऊ नये.

मागणं एवढंच की पुलावर चालणाऱ्यांना आणि सायकलला वेगळी पट्टी असावी, आणि धक्के मोडीत निघू नयेत. वेलदूर, धोपावे, तवसाळची जी माणसं टोपली घेऊन समोरच्या बाजाराला जातात त्यांना पूल सड्यावरून सड्यावर नेणार. त्यांचं गाव खाली पाण्याशी. पुलाच्या तोंडाशी पोचायलाच त्यांना चढ चढून जावं लागेल. गाडी असेल त्याला पूल जवळ पडेल, नसेल त्याला बोटच जवळची. आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा हे लिहून द्यायला हवं. आपल्यासारख्या फिरणाऱ्यांनीही द्यावं आणि तुम्ही स्थानिकांनी तर नक्कीच.

गुहागरची लेक

हे पटलं. आमच्याकडच्या मासेवाल्या बायकांना गाडीभाडं परवडत नाही, बोटीचं तिकीट परवडतं. लिहून द्यायचं असेल तेव्हा मला सांगा, गावातून सह्या मी गोळा करते.

वाळूतली पावलं

बेत आखणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला ओहोटी असते, ओली वाळू घट्ट होते आणि गुहागरच्या लांब पुळणीवर सायकल घालायचा मोह होतो. कृपा करून आवरा, निदान नोव्हेंबर ते मे.

ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री पुळणीवर चढून वरच्या कोरड्या वाळूत अंडी घालतात. वेळासचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण गुहागर, अंजर्ले इथेही घरटी होतात. कासवमित्र अंडी कुंपणातल्या उबवणी केंद्रात हलवतात. पिल्लं पन्नासेक दिवसांनी बाहेर येतात आणि ती उजेडाच्या दिशेने समुद्राकडे धावतात. तळहाताहून लहान जीव तो. चाकाने पडलेली चाकोरी आपल्याला दिसतही नाही, पण पिल्लू तिच्यात पडलं की तिच्याच लांबीने चालत राहतं आणि समुद्र बाजूलाच राहतो. कावळे, कुत्री टपलेलीच असतात. रात्री सायकलचा दिवा पुळणीवर पाजळणं तर त्याहून वाईट, पिल्लं त्याच्याकडे वळतात.

सायकल सुरूच्या बनात लावा आणि चालत जा. पिल्लं सोडताना बघायची असतील तर सकाळ-संध्याकाळ केंद्रावर चौकशी करा, लहान मुलांना तर दाखवाच.

लाल माती

वाळूवर सायकल न घालण्याचं आणखी एक कारण म्हणजे सायकल. खारी वाळू चेनमध्ये गेली की दोन दिवसांत करकर सुरू होते.

फेरीबोटीवरही लक्ष ठेवा. उतरायच्या उतरंडीवर खाऱ्या पाण्याचे ओघळ असतात, ओहोटीला तिथे शेवाळ उघडं पडतं. क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट घालून उतरलात तर घसरलातच. साध्या चपला घाला, सायकल हाताने धरा, आधी गाड्या जाऊ द्या. मुक्कामी पोचलात की चेन, चक्रं, ब्रेकचे स्क्रू गोड्या पाण्याने धुवायचे, फडक्याने कोरडे करायचे, मग तेल. पाण्याचा जोर हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, मारू नका. स्टीलच्या बोल्टांना निघण्यापूर्वीच ग्रीस लावून ठेवा. कोकणातली हवा एका रात्रीत गंज आणते हे वाक्य ऐकून सोडून देऊ नका, सकाळी चेनवर बोट फिरवा, तांबडं होतं.

ट्यूब आपापल्या आणा. गुहागर तालुक्यातल्या शृंगारतळीच्या बाजारात साध्या सायकलचं सामान मिळतं, पातळ ७००-सी टायरचं मिळेलच असं धरून चालू नका.

तिसरीच्या मुलाची आई

मुलगा आठ वर्षांचा आहे, स्वतःची गिअरची सायकल आहे. एवढे चढ त्याला झेपणार नाहीत. आम्हाला काही जमेल का?

खाडीकाठ

ताई, गुहागरात दोन-तीन रात्री राहा आणि गावातलाच सरळ रस्ता मुलाला देऊन टाका. वर लिहिलेल्या वरचापाट-खालचापाटच्या रस्त्यावर तो सकाळी आगरातून फिरेल, शिंपण्याचे पाट बघेल, सुपारी सोलताना बघेल. सात-साडेसातला निघालात तर वाहनं तुरळक. फेरीबोट त्याला हवीच असणार, तेव्हा एक दिवस सायकली गाडीवर टाकून धोपाव्याला या, बोटीने दाभोळला जाऊन या. तेवढंही पुष्कळ आहे.

दर्यावर्दी मालवण

आमच्या देवबागाक पण येवन बगा. एका बाजूक कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूक समुद्र, नि मधे घरां. तारकर्लीहून संगमापर्यंतचा रस्ता पूर्ण सपाट, वरच्या तिसरीतल्या मुलालाही चालेल असा. टोकाला पोचलात की होडीने पलीकडे भोगवे.

आणि खरीखुरी बेटंच हवी असतील तर खाड्यांतली जुवी आहेत. मसुऱ्याजवळ कालावलच्या खाडीत पाणखोल जुवा, तिकडे राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीत जुवे. होडीशिवाय वाट नाही. तिथे मात्र सायकल नेण्यात अर्थ नाही, पायवाटाच आहेत. सायकल काठावर कुणाच्या पडवीत ठेवा, "ठेवू का?" म्हणून विचारा, आणि होडीने जा. तिथली माणसं दळणापासून सिलिंडरपर्यंत सगळं होडीतून आणतात. बघायला जाताय तर पाण्याच्या बाटल्या तिथे टाकून येऊ नका एवढंच.

पूर्वेचा वारा

अंदमानचं नाव निघालंय म्हणून लिहितो, कारण मी दोन्हीकडे सायकल चालवली आहे. शहीद द्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचं नील बेट, सायकलसाठी फारच सोपं. भाड्याने सायकल मिळते, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर असे किनारे एका दिवसात होतात, मधे भातखाचरं आणि भाजीचे मळे. वस्ती मुख्यतः पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांची. स्वराज द्वीपला, म्हणजे हॅवलॉकला, धक्क्यावरून राधानगरपर्यंत जंगलातून चढउताराचा रस्ता आहे.

फरक दिवसाच्या वेळेचा. अंदमान इतकं पूर्वेला आहे की आपल्याच घड्याळाने हिवाळ्यात पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. पहाटे पाचला निघालात तरच दिवस हाती लागतो. कोकणात उलट, डिसेंबरात सकाळी सातच्या सुमाराला सूर्य उगवतो, पण संध्याकाळी सहापर्यंत उजेड असतो. त्या वेळेत शेवटचा सडा उतरून होईल असा हिशोब ठेवा. सड्यांवर दिवे नाहीत.

पण मला विचाराल तर चव गुहागरच्या बेटाची जास्त. तिथे पाहुणा होतो, इथे देवळाच्या ओट्यावर कुणीतरी "कुठले तुम्ही?" म्हणून शेजारी येऊन बसतं.

सायकलवेडा पुणे

दापोलीकर काका, लाल माती, सगळ्यांचे आभार. असं ठरतंय: खेडला उतरून दाभोळ, दुसऱ्या दिवशी गोपाळगड करून गुहागर, तिसऱ्या दिवशी हेदवी, चौथ्या दिवशी तवसाळ-जयगड. पुढे मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारेवरून रत्नागिरी आणि परतीची गाडी. मार्गशीर्ष पौर्णिमेला हेदवीत असू असं बघतोय. आम्ही चौघं, त्यात दोघी मुली. राहण्या-जेवण्याचं काय करावं?

खाडीकाठ

बेत छान आहे. फक्त तिसऱ्या दिवशी बुधलला उतरायचं असेल तर गुहागर सकाळी लवकर सोडा, नाहीतर हेदवीला पोचेपर्यंत भरती उतरलेली असेल. किंवा त्या रात्री वेळणेश्वरला राहा आणि बामणघळ चौथ्या दिवशी करा. प्रतिपदेला भरती जवळपास तासभर पुढे सरकते, उधाण तेवढंच असतं. तो पर्याय मला जास्त आवडेल, दुपारनंतर तवसाळची बोट सहज मिळते. बोटींची वेळ आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्याच.

गुहागरची लेक

मुलींनी बिनधास्त यावं. रात्री उशिरा सड्यावर राहू नये, हे मुलामुलींना सारखंच लागू.

वेळणेश्वर-हेदवीला घरगुती सोय चांगली होते, पण इथे हॉटेलासारखं कधीही जाऊन ताट मिळत नाही. किती माणसं, किती वाजता, हे सकाळीच कळवा. माणसं मोजून भात टाकतात. चढ चढून आल्यावर आगळाचं, म्हणजे कोकमाच्या रसाचं, मीठ घातलेलं सरबत मागा, आणि सकाळी पोह्यांऐवजी पेज मिळेल का विचारा, लोणच्यासोबत. दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो आणि जड होत नाही. मासे हवे असतील तर आदल्या रात्री सांगून ठेवा. सोमवार असेल, किंवा घरात मार्गशीर्षाचे गुरुवार पाळत असतील, तर त्या दिवशी मासे होणार नाहीत. वालाची उसळ मात्र बहुतेक घरी होते.